रांजणाचा तळ

४ फेब्रुवारी, सोमवार

संग्रहालयाची कामाची वही वेगळी आहे. तिच्यात वस्तूचा क्रमांक, स्थिती, वापरलेलं द्रावण आणि सही एवढंच लिहायचं असतं. तेहतीस वर्षं मी तेवढंच लिहीत आलो, कोणाची तक्रार नाही. ही दुसरी वही कपाट आवरताना सापडली. कोरी होती. कोरी वस्तू पडून राहिलेली मला बघवत नाही, एवढंच हिच्या जन्माचं कारण.

आज क्लिओबाईंनी बोलावलं. क्लिओ म्हणजे आमच्या नव्या संचालिका, वय चौतीस. त्या बोलतात कमी आणि विचारतात फार. म्हणाल्या, "उस्ताद, ११२ क्रमांक थेसालोनिकीच्या प्रदर्शनाला जायचाय. सतरा मे, सकाळी आठला गाडी. तळाचं प्लास्टर पांढरं फुललंय, ते बघा."

११२ क्रमांक म्हणजे आमचा मोठा रांजण. गावच्या द्राक्षमळ्यात नांगराला लागला तेव्हा त्याचे दोनशे चौदा तुकडे होते. ते मी १९९२ साली जोडले. आता तो उभा राहतो तेव्हा त्याचं तोंड माझ्या छातीला लागतं. पोटाशी धरायला आडवे कान आहेत, आणि असे कान असले की रांजण बाईच्या कबरीवरचा. पावणेतीन हजार वर्षांपूर्वी इकडे ग्रीसमध्ये कबरीवर दगड लावत नसत, असा रांजण उभा करत.

चित्र नेहमीचंच. मेलेली बाई उंच पलंगावर निजलेली. तिच्या अंगावरची चादर चित्रकाराने वरच्या वर उचलून धरली आहे, नाहीतर बाई दिसली नसती. दोन्ही बाजूंना बायका, दोन्ही हात डोक्यावर, केस उपटत असलेल्या. केस काढलेलेच नाहीत खरं तर, त्रिकोणाचं धड आणि वर एक ठिपका. पलंगाखाली, बायकांच्या काखांत, खालच्या पट्ट्यातल्या घोड्यांच्या पायांत, बोटभर जागा सापडेल तिथे नागमोडी रेघा, चांदण्या, चौकटी. रिकामं म्हणून काही सोडलेलं नाही. हा चित्रकार मला पहिल्या दिवसापासून आपल्यातला वाटतो.

६ फेब्रुवारी, बुधवार

नगरपालिकेचं पत्र. पाकिटावर माझं नाव असूनही आर्गिरोने ते जिन्यातच वाचून काढलं होतं. आर्गिरो माझी सासू, वय एक्याऐंशी, खालच्या मजल्यावर राहते. माझी बायको मेल्पो वारली तरी आमचे मजले बदलले नाहीत. ती खाली स्वयंपाक करते, मी वर जेवतो, आणि मधल्या बारा पायऱ्यांवर आमचा संसार चालतो.

"जावया, मेल्पोची तारीख आली."

"कसली?"

"लग्नाची! कसली म्हणजे? तीन वर्षं झाली. बाहेर काढायची. सतरा मे, सकाळी आठ."

मी पत्र वाचलं. दफनभूमीत जागा नाही, म्हणून तीन वर्षं झाली की कबर उघडायची, अस्थी काढून वाइनने धुवायच्या, पेटीत भरून अस्थिगृहाच्या फळीवर ठेवायच्या आणि जागा पुढच्याला मोकळी करून द्यायची. इथवर नवीन काही नाही. माझे आईवडील त्याच फळीवर शेजारी शेजारी आहेत, आणि जिवंतपणी होते त्यापेक्षा बऱ्या अंतरावर. नवीन एवढंच की यंदापासून मुदतवाढ बंद. कबर ज्याच्या नावावर त्याने त्या सकाळी स्वतः येऊन सही करायची. तो आला नाही तर अस्थी सामाईक खड्ड्यात. कबर माझ्या नावावर आहे. आम्हाला मूल नाही.

"सतराला आठ वाजता माझा रांजण निघतोय," मी म्हटलं.

"कोण निघतंय?"

"रांजण. थेसालोनिकीला. मी बरोबर असायला हवं, तो मी जोडलाय."

"ज्या बाईचा तो रांजण, ती मरून किती वर्षं झाली?"

"पावणेतीन हजार."

"मग ती थांबेल जरा."

म्हातारीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पत्र फ्रिजवर लावून ठेवलं आहे. क्लिओबाईंना वेळ बदलण्याविषयी विचारता येईल. विचारलेलं नाही.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

रांजण आडवा करून वाळूच्या पिशव्यांवर घेतला. प्लास्टर खरोखरच फुललं आहे, पीठ लावल्यासारखं. पण काम वाईट नाही. १९९२ साली छापलेल्या पुस्तिकेत 'तळाची पुनर्रचना निर्दोष' असं वाक्य आहे. पान सोळा.

क्लिओबाई वाकून बघत होत्या. "तुम्ही भरायच्या आधी इथे काय होतं?"

"तळ तुटलेला होता."

"केवढा?"

"एक मूठ जाईल एवढा."

"गोल?"

"गोलसर."

"बाकीचा रांजण दोनशे तुकड्यांत वेडावाकडा फुटला, आणि तळ तेवढा गोल फुटला?"

मी म्हटलं, कधी कधी फुटतो. त्यांनी मान हलवली. ती होकाराची नव्हती.

तेव्हा या खोलीत आम्ही दोघं काम करायचो. मी तुकडे जोडायचो, मेल्पो चित्रं काढायची. प्रत्येक भांड्याचं मापात काढलेलं चित्र हवं असतं, डावीकडे उभा छेद आणि उजवीकडे बाहेरची नक्षी. ११२ चं चित्र तिचंच. त्यावरून आमचं भांडण झालं होतं एवढं आठवतं. मुद्दा आठवत नाही. त्याच वर्षी आम्ही लग्न केलं.

२ मार्च, शनिवार

आज मृतांचा शनिवार. आर्गिरोने पहाटे गहू उकडले, साखर, बदाम आणि डाळिंबाचे दाणे घातले, आणि वाटी झाकून दफनभूमीत गेली. परत येताना एक वाटी माझ्या दारात ठेवली आणि तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"खा. तुझ्या बायकोच्या नावाचे आहेत. वर्षातून एवढं तरी तिच्यासाठी कर."

"मी काय केलं नाही तिच्यासाठी?"

"केलंस की! सिमेंट केलंस. पाद्रीबुवा आले, वाइनचा क्रूस काढला कबरीवर. वाइन निघाली ती उतारावरून सरळ शेजारच्या कबरीतल्या कर्नलच्या अंगणात. माझ्या मळ्यातली वाइन! जन्मभर त्याने एकदाही मला नमस्कार केला नाही, आणि आता फुकट पितोय."



सिमेंटविषयी गैरसमज आहे म्हणून इथे लिहून ठेवतो. लोक संगमरवरी चौकटीच्या आत माती तशीच सोडतात. तिच्यात गवत उगवतं, पावसाने ती खचते, आणि कबर बेवारशी दिसते. चाळिसाव्या दिवशी मी आत चार बोटं जाडीचा थर दिला, एकास तीन प्रमाण, वर पोलादी थापीने घोटून काढला. पाणी साचू नये म्हणून उतार ठेवला, आणि उतार कुठल्या तरी बाजूला द्यावाच लागतो. कर्नलची बाजू हा योगायोग. त्यानंतर तिथे माझ्यासाठी काही काम उरलं नव्हतं, म्हणून मी गेलेलो नाही.

गहू चांगले झाले होते.

५ मार्च, मंगळवार

ॲसिटोन आलं. कापूस आला नाही. माझी बारीक छिन्नी, लाकडी मुठीची, दोन वर्षं झाली सापडत नाही. प्रशिक्षणाला आलेल्या मुलींपैकी कोणीतरी नेली असणार. क्लिओबाईंकडे तोंडी तक्रार केली.

१४ मार्च, गुरुवार

तळाचं प्लास्टर आज पूर्ण निघालं. भिंगाखाली कड पाहिली. जशी दिसली तशी लिहितो.

भांडं भाजल्यावर फुटतं तेव्हा कड करकरीत, दाणेदार येते. इथली कड गुळगुळीत आहे आणि किंचित आत झुकलेली. अर्धवट वाळलेल्या मातीत सुरी फिरवली की अशी येते. एका ठिकाणी काळ्या रंगाचा ओघळ कडेवरून आत उतरला आहे, म्हणजे रंग देताना छिद्र होतंच. कुंभाराने ते करून ठेवलं होतं. हे झालं अर्ध्या परिघाचं. उरलेल्या अर्ध्यावर कानशीचे ओरखडे आहेत. प्लास्टरला पकड मिळावी म्हणून कड खरवडावी लागते. कानस माझी.

क्लिओबाईंना बोलावलं. लपवता आलं असतं, पण त्या आधीच दारात होत्या.

"म्हणजे हे तुटलेलं नव्हतंच, उस्ताद."

"दिसतं तसं खरं."

"रांजण कबरीवर उभा, खाली मेलेलं माणूस. घरचे येणार आणि वरून ओतणार. तेल, मध, वाइन, जे असेल ते. ते झिरपत खाली जाणार."

"किंवा पावसाचं पाणी साचू नये म्हणून," मी म्हटलं. "कुंडीला असतं तसं. तेही मत आहे विद्वानांचं."

"कुंडीभोवती केस उपटत उभं राहतं का कोणी?"

 मी सांगितलं की प्रवासासाठी तळ बंद असलेला बरा. पुन्हा भरतो, रंग एक छटा फिका ठेवतो, म्हणजे जाणकाराला कळेल.

"तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "पण नोंद दुरुस्त करायची असेल तर तुम्हीच करा. मी करणार नाही. सही तुमची आहे."

सगळ्यांना माझी सही हवी आहे हल्ली.

२७ मार्च, बुधवार

दप्तरातून ११२ ची फाईल काढली. मेल्पोचं शाईतलं चित्र पाहिलं. छेदात तळ बंद दाखवला आहे, एक सलग रेघ. म्हणजे तिलाही तो तुटलेलाच वाटला होता. बरं वाटलं. शाईच्या चित्राआधी पेन्सिलीचं असतं, ते फाईलमध्ये नाही.

क्लिओबाईंना रेघ दाखवली. त्या म्हणाल्या, "ही एक रेघ बाकीच्यांसारखी नाही, मागाहून जोडल्यासारखी आहे." मला काही फरक दिसला नाही. चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला हवा.

५ एप्रिल, शुक्रवार

चौकातल्या कॉफीवाल्याकडे लिनार्दोसकाका भेटला. दफनभूमी तोच सांभाळतो. खणणं, काढणं, दिवे पुसणं, मांजरांना हाकलणं, सगळं त्याच्याकडे. माझ्या टेबलाशी न विचारता बसला आणि कॉफीबरोबर आलेलं माझं बिस्किट उचललं.

"उस्ताद, ते सिमेंट तूच घातलंस ना?"

"हो."

"कशासाठी?"

"गवत."

"गवताला दोन बोटं लागतात उपटायला. तू तर तिच्यावर धावपट्टी बांधलीस." वरून विमान चाललं होतं, त्याने त्याच्याकडे बोट दाखवलं. "पाणी नाही, हवा नाही, मग माणूस विरघळायचा कसा? गेल्या वर्षी एक नोटरी काढला. घरच्यांनी मायेने प्लास्टिकखाली ठेवला होता. जसाच्या तसा! टायसकट! परत पुरला. बायको दोन महिने घराबाहेर पडली नाही लाजेने. गाव काय बोलतं माहीत आहे ना, पापी माणसाला माती घेत नाही म्हणून."

मी त्याला समजावलं की विघटनाचा पापाशी संबंध नसतो, तो मातीतला ओलावा, चुन्याचं प्रमाण आणि हवा यांच्याशी असतो.

"तेच म्हणतोय मी. हवा." त्याने बिस्किट संपवलं. "आर्गिरो तिथे रोज काय करते, बघितलंस कधी?"

"दिवा लावते. वाइन ओतते. ती कर्नलकडे जाते."

लिनार्दोसने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग नुसतं "हं" म्हणाला आणि उठला. जाता जाता म्हणाला, "सतराला घण घेऊन ये. ते फोडायचं वय नाही माझं. तू घातलंस, तूच फोड."

"मला त्या दिवशी काम आहे."

"मग मी फोडतो आणि खड्ड्यात टाकतो. मला सोपं."

घरी येऊन सिमेंटखालच्या मातीत वायुवीजन किती राहतं याचा अंदाज काढून पाहिला. आकडे अपुरे आहेत. झोपताना पुन्हा काढला.

२८ एप्रिल, रविवार, ईस्टर

खाली जेवलो. कोकरू, बटाटे, लाल अंडी. अंड्यावर अंडं आपटलं, माझं फुटलं. दरवर्षी माझंच फुटतं.

जेवण झाल्यावर आर्गिरोने पलंगाखालून नवी पेटी काढली. पत्र्याची, राखाडी, कडीकोयंड्याची. अशा पेटीची लांबी मांडीच्या हाडावरून ठरवतात. तिने घरी मेल्पोच्या जुन्या पँटवरून माप घेतलं होतं.

"मी तुला तीनदा विचारलं," ती म्हणाली. "आता विचारणार नाही. चौथ्यांदा विचारायचं ते भिकाऱ्याने. मी जाईन सतराला. माझी सही चालत नाही म्हणतात. नाही चालली तर नाही. लिनार्दोसच्या पायावर बसेन, बघू कसा खड्ड्यात टाकतो ते."

"आई, अगं, मी 'नाही' म्हटलेलं नाही."

"'हो' पण म्हटलेलं नाहीस." तिने पेटी माझ्याकडे सरकवली. "नाव तेवढं लिहून दे. तुझं अक्षर चांगलं आहे, माणूस कसा का असेना."

मी म्हटलं पत्र्यावर साधा रंग धरत नाही, आधी अस्तर द्यावं लागतं. ती म्हणाली, "मग दे. तुला कोणी अडवलंय?"

पेटी वर आणली. सध्या जेवणाच्या टेबलावर आहे. वजन एक किलो सातशे ग्रॅम, रिकामी.

९ मे, गुरुवार

अस्तर वाळलं. नावासाठी शून्य नंबरचा ब्रश हवा होता. माझे सगळे प्रयोगशाळेत. मेल्पोचे तिच्या मेजाच्या खणात असतील म्हणून तो उघडला. तीन वर्षांत उघडायचं कारण पडलं नव्हतं.

ब्रश वरच होते, धुऊन, फडक्यात गुंडाळून. खाली एक मोठा कागद चौपदरी घडी घालून ठेवला होता. ११२ चं पेन्सिलीतलं चित्र. छेदात तळाच्या मधोमध रेघ तुटते, दोन्ही टोकं नीट गोलवून थांबवली आहेत. मोकळ्या जागेपासून एक बाण बाहेर काढून तिने समासात बारीक अक्षरात लिहिलं आहे:

'हे केलेलं छिद्र आहे, फुटलेलं नाही. कड सुरीची. फोतिसला सांगितलं. ऐकत नाही. ऐकेल.'

फोतिस म्हणजे मी.

भांडण काय होतं ते आता आठवलं. ती म्हणाली होती की उघडं ठेव. मी म्हटलं होतं की तळ उघडा ठेवला तर लोक म्हणतील काम अर्धवट आहे. ती म्हणाली, लोकांना कबर बघायची आहे की तुझं काम? मी तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी तिने शाईच्या चित्रात रेघ जोडून दिली. मी समजलो होतो की तिला पटलं.

कागद पुन्हा त्याच घडीने ठेवला. नाव लिहिलं. ग्रीक पाच अक्षरांना दोन तास लागले, अस्तर थोडं ओलसर राहिलं असावं.

१० मे, शुक्रवार

क्लिओबाईंच्या टेबलावर कामाची वही ठेवली. नोंद अशी केली आहे:

'क्र. ११२. तळाचं छिद्र मूळचं, कुंभाराने केलेलं. १९९२ मध्ये ते तुटकं समजून बुजवण्यात आलं व निम्मी कड खरवडली गेली. चूक निम्नस्वाक्षरीकाराची. चित्रकार श्रीमती मेल्पो यांनी त्याच वेळी योग्य निरीक्षण नोंदवलं होतं, कागद सोबत जोडला आहे. छिद्र उघडं ठेवावं. पुन्हा भरू नये.'

त्यांनी दोनदा वाचलं. "'बुजवण्यात आलं.' कोणी, ते पुढच्या वाक्यात. बराच वळसा घेतलात, उस्ताद."

"पोचलो ना पण?"

"पोचलात." कागदावरचा समास त्यांनी वाचला असणार, कारण त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. मग म्हणाल्या, "हा कागद प्रदर्शनात रांजणाशेजारी लावू या?"

मी म्हटलं, चित्र लावा. समास झाका. मग म्हटलं, नको, राहू द्या तसाच.

"आणि सतराला रांजणाबरोबर तुम्हाला जावं लागेल," मी म्हटलं. "मला त्या सकाळी काम आहे."

"कसलं काम?"

"सिमेंटचं."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. विचारत्या तर सांगितलं असतं, अशी मला जवळजवळ खात्री आहे.

दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, तिवईवर उभ्या केलेल्या रांजणात लोटाभर पाणी ओतलं. निचऱ्याची चाचणी म्हणून. क्षणभर काही झालं नाही. मग खालच्या परातीत धार पडली, बोटाएवढी, सरळ. आवाज मोठा होता.

१७ मे, शुक्रवार

पावणेआठला पोचलो. पेटी, घण, दोन छिन्न्या, रबरी हातमोजे. आर्गिरो आधीच काळ्या कपड्यांत कर्नलच्या कठड्यावर बसली होती, मांडीवर वाइनची बाटली आणि पांढरं फडकं. मला पाहून म्हणाली, "रांजण?"

"गेला असेल एव्हाना."

"तुझ्याशिवाय गेला?"

"गेला."

ती कठड्यावर थोडी सरकली.

लिनार्दोसने कागद पुढे केला. मी सही केली. मग त्याने सिमेंटकडे हात दाखवला, यजमान पाहुण्याला ताटाकडे दाखवतो तसा. मी गुडघ्यावर बसलो. तीन वर्षांनंतरही थर उत्तम स्थितीत होता. एक तडा नाही. कुठून सुरुवात करावी म्हणून कडेने हात फिरवत गेलो, आणि उशाशी, तेलाच्या दिव्याच्या बैठकीमागे, बोट आत गेलं.

दिवा उचलून बाजूला ठेवला. तिथे छिद्र होतं. अंगठ्याएवढं, आरपार. मी सवयीने कड पाहिली. वरून खाली केलेलं, छिन्नीने, थोडं थोडं, खूप दिवस लावून. सुरुवातीचे घाव चुकलेले, नंतरचे नेमके. कडेला तांबडट काळा लेप बसला होता, वाइन वाळून वाळून बसतो तसा. वापरून वापरून कड गुळगुळीत झाली होती. पडझडीचं छिद्र असं नसतं.

"उस्ताद, झोप लागली काय?" लिनार्दोस म्हणाला.

मी छिद्राच्या भोवतीने फोडत गेलो. तेवढा तुकडा अखंड निघेल अशा बेताने. त्याला वेळ लागला, लिनार्दोस घड्याळ बघत राहिला. मग तो खाली उतरला आणि मी आर्गिरोशेजारी जाऊन बसलो. तिने माझा हात धरला नाही. फडक्याचं एक टोक मात्र माझ्या हातात दिलं आणि दुसरं आपल्या हातात धरलं. फावड्याचा आवाज बदलला तेव्हा तिने डोळे मिटले. "बोल रे मेल्या," ती कुजबुजली, "बोल काहीतरी."

लिनार्दोसचं डोकं वर आलं. "स्वच्छ," तो म्हणाला. "मेणासारखी पिवळी. अशी दहा वर्षांत काढली नाहीत मी. छान घेतलंय मातीने."

आर्गिरोने श्वास सोडला. तिने तो किती दिवस धरला होता ते सांगता येणार नाही.

एवढ्याशा छिद्रातून चार बोटं सिमेंटखालच्या मातीत फरक पडतो, याला रसायनशास्त्रात आधार सापडणार नाही. मी ते लिनार्दोसला सांगितलं नाही.

परातीत अस्थी आल्या. आर्गिरो ओतत गेली, मी धुवत गेलो. कवटी तिने धुतली. डाव्या मनगटाचं हाड किंचित वाकडं जुळलेलं होतं. १९९५ साली प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवरून मेल्पो पडली होती, आणि प्लास्टर घालणाऱ्याने घाई केली होती. मी तेव्हाही म्हटलं होतं. पेटीत शेवटचं हाड ठेवल्यावर लक्षात आलं की हातमोजे खिशातच राहिले. हे नियमाविरुद्ध आहे.

पाद्रीबुवा येऊन गेल्यावर आम्ही दोघं परत कठड्यावर बसलो. पेटी मध्ये. सिमेंटचा तो तुकडा माझ्या मांडीवर होता. आर्गिरोने पिशवीतून काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं. लाकडी मुठीची बारीक छिन्नी.

"घे तुझी. धार गेलीय तिची."

"हे तू कधी केलंस?"

"गेल्याच्या गेल्या वर्षी, उपासाच्या दिवसांत. चाळीस दिवस. रोज थोडं. नाहीतरी खायचं काही नव्हतं."

"मग कर्नल?"

"त्याला पहिल्या वर्षी मिळाली की. पुरे."

"मला सांगितलं का नाहीस?"

तिने फडकं पिळलं. लाल पाणी कर्नलच्या अंगणात पडलं.

"सांगितलं असतं तर तू येऊन बुजवलं असतंस."

 ती म्हणाली ते बरोबर होतं. बुजवलं असतं, आणि वरून रंगही जुळवला असता.